दणकट घडीचा चाकू घेताना: जाडी कुठे हवी, कुठे नको

सोलापुरात कुणी घडीचा दणकट चाकू मागितला की दुकानदार आधी वजन हातात देतो. "धरून बघा की मालक, किती भरीव आहे!" चाकू भरीव असतोच. पातं चार-साडेचार मिलिमीटर जाड, मूठ हातभर वाटावी अशी, उघडताना खट्‌ असा आवाज. घरी नेऊन त्याने कांदा चिरायला घेतला की कांदा चिरला जात नाही, फुटतो. डाळिंबाचा खोका उघडायला घेतला की पातं पुठ्ठ्यात निम्म्यावर अडकतं. मग माणूस जोर लावतो, आणि हात कापतो तो बहुतेक वेळा त्या जोरामुळेच.

गरजेपेक्षा जास्त मजबूत बांधलेल्या या चाकूंचा एक वेगळाच चाहतावर्ग आहे. कोल्ड स्टील, झीरो टॉलरन्स, हिंडरर, मेडफर्ड ही त्यातल्या अमेरिकी कंपन्यांची, जाणकारांच्या तोंडची नावं. यातले काही चाकू खरंच उत्तम आहेत, काही नुसते जड. फरक ओळखायची किल्ली माझ्या मते एकच आहे: जाडपणा लॉकमध्ये (उघडलेलं पातं मिटू न देणारी कळ), पात्याच्या खिळ्यात (ज्यावर पातं फिरतं) आणि मुठीत असावा, धारेच्या जवळ नसावा. तो नेमका कुठे आहे हे दुकानात उभ्या उभ्या कसं तपासायचं, ते पुढे येईलच.

आधी कामं लिहून काढा

कागद घ्या आणि गेल्या महिन्यात चाकू कशाकशाला लागला ते लिहा. आपल्याकडची यादी साधारण अशी निघते: ठिबकची सोळा मिलिमीटरची नळी कापणे, मल्चिंगचा कागद, सुतळी आणि नायलॉनची दोरी, पेंडीचं पोतं, पुठ्ठ्याचे खोके, मालाच्या गाठींवरची प्लास्टिकची पॅकिंग पट्टी, ताडपत्रीचा तुकडा, आणि मधल्या वेळेत एखादा पेरू. ट्रकवाल्यांच्या यादीत दोर आणि टायरच्या ट्यूबची रबरपट्टी येईल, यंत्रमागावरच्या माणसाच्या यादीत सुताच्या कोनांची पोती.

आता या यादीत पाच मिलिमीटर जाड पातं लागणारं काम शोधा. सापडणार नाही. ही सगळी कामं पातळ, धारदार पातं जास्त चांगली करतं. फ्रान्सच्या ओपिनेलचा आठ नंबरचा चाकू पाहा: पातं दोन मिलिमीटरपेक्षाही पातळ, वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, मूठ बीच लाकडाची. ठिबकची नळी तो दोनशे ग्रॅमच्या कित्येक चाकूंपेक्षा सरळ कापतो.

मग दणकट चाकू हवा कुणाला? ज्याचं काम आडवंतिडवं आहे त्याला. पातं ओल्या दोरखंडात रुततं, ते हलवून बाहेर काढावं लागतं. जाड पट्टीखाली टोक घालून वर ओढावं लागतं. हातात मोजे असतात, हात घामाने ओला असतो, चाकू मातीत पडतो आणि तसाच उचलून वापरला जातो. अशा वेळी मजबूत खिळा आणि न सुटणारं लॉक यांचे पैसे वसूल होतात.

काही कामं मात्र यादीतून सरळ खोडून टाका. लाकडी पेटीच्या खिळ्याखाली पातं घालून उचकटणं, रंगाच्या डब्याचं झाकण काढणं, बाभळीची फांदी तोडणं. पहिल्या दोन कामांना स्क्रू ड्रायव्हर किंवा पहार आहे, तिसऱ्याला कोयता. "माझा चाकू जाड आहे, त्याला चालतं" म्हणणाऱ्याचं पातं टोकाशी मोडतं, कारण जाड चाकूचंसुद्धा टोक पातळच असतं. डाळिंबाची छाटणीही चाकूचं काम नाही, तिला सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री वापरा.

यादी पाहून उचकटण्या-ठोकण्याचीच कामं जास्त दिसली तर घडीचा चाकू घेऊच नका. म्यानातला साधा, न मिटणारा चाकू घ्या. पातं मुठीत आरपार गेलेलं असेल तर त्यात सुटण्यासारखं काही नसतं. कितीही महाग घडीचा चाकू झाला तरी त्यात सांधा असतो, आणि कमजोरी सांध्यातच असते.

कायद्याचं थोडक्यात

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली सोडून. खिशातला कुठलाही घडीचा चाकू या मापाच्या खूप खाली असतो. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीत, मोर्च्यांच्या काळात शस्त्रबंदीचे आदेश निघतात आणि त्यांत चाकू, सुरे, लाठ्या सगळं येतं. गड्ड्याच्या यात्रेत किंवा मिरवणुकीत खिशाला काळा, टोकदार चाकू अडकवून फिरण्यात शहाणपण नाही. शेतात, गोदामात, गाडीच्या हत्यारांच्या पेटीत तो शोभतो. बटण दाबताच स्प्रिंगने उडणारे चाकू टाळाच. त्यांच्यामुळे संशय येतो आणि कामाला त्यांचा काडीचा उपयोग नसतो. विमानाने जाणार असाल तर चाकू केबिनच्या बॅगेत चालत नाही, मोठ्या सामानात टाका.

लॉक: इथे वेळ द्या

लॉकबद्दल बहुतेकांचा एक गैरसमज असतो. साधं कापताना लॉकवर जवळजवळ भारच येत नाही. आपण धार खाली दाबतो तेव्हा पातं आणखी उघडायला बघतं, आणि त्याला अडवतो तो मुठीतला आडवा पोलादी अडसर, म्हणजे स्टॉप पिन. लॉकवर भार येतो तो पातं रुतल्यावर मागे ओढताना, टोक खुपसताना किंवा पिळताना. म्हणून रोजची झीज अडसर आणि खिळा सोसतात, बोटं वाचवण्याचं काम मात्र लॉकचं. दोन्ही तपासावे लागतात.

लायनर लॉक सगळ्यांत जास्त दिसतं. मुठीच्या आतला पोलादी पत्रा वाकून पात्याच्या मागे येऊन बसतो. पत्रा जाड असेल आणि नीट बसत असेल तर ठीक, पण पिळ बसला की हेच लॉक आधी निसटतं. चाकू उघडून उजेडात धरा आणि पात्याच्या बुडाकडे बघा. पत्रा पात्याच्या रुंदीच्या पाव ते अर्ध्या भागावर बसलेला हवा. नुसता कडेला टेकलेला असेल तर चाकू परत द्या. नव्या चाकूतच तो पार पलीकडच्या बाजूला गेला असेल तर झिजायला पुढे जागाच उरलेली नाही.

फ्रेम लॉकमध्ये वेगळा पत्रा नसतो, मुठीची एक बाजूच कापून लॉक केलेली असते. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या ख्रिस रीव्ह यांनी सेबेंझा या चाकूतून ही रचना रूढ केली. हिचा मोठा फायदा म्हणजे मूठ जितकी घट्ट धराल तितकं लॉक आत दाबलं जातं. बहुतेक महाग चाकूंत ही बाजू टायटॅनियमची असते. टायटॅनियम पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ते पात्याला घासून झिजतं आणि कधी कधी चिकटतं. म्हणून चांगले कारागीर लॉकच्या टोकाला पोलादाचा छोटा तुकडा बसवतात. तो आहे का ते बघा. लॉक जिथून वाकतं तिथे आतून किंवा बाहेरून खाच घेतलेली असते आणि धातू पातळ होतो. मूठ कितीही जाड असली तरी लॉकची खरी जाडी त्या खाचेत मोजायची. लॉक बाहेरच्या बाजूला जास्त ताणलं जाऊ नये म्हणून रिक हिंडरर यांनी गोल चकती बसवण्याची युक्ती काढली, ती आता बऱ्याच ठिकाणी दिसते.

बॅक लॉक जुनं आणि भरवशाचं. बक कंपनीचा ११० नंबरचा चाकू १९६४ पासून याच लॉकवर चालू आहे: पितळी टोकं, लाकडी मूठ, वजन दोनशे ग्रॅमच्या घरात. लॉकची पट्टी मुठीच्या पाठीवर असते आणि तिचं टोक पात्यातल्या खाचेत बसतं. सोलापुरात याच्याबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. यंत्रमागाच्या शेडमध्ये कापसाचे तंतू हवेतच असतात. खिशात चाकू राहिला की ते खाचेत साचतात, तेलाने चिकटून त्यांचा बोळा होतो आणि लॉक पूर्ण बसत नाही. वरून बघणाऱ्याला चाकू उघडा आणि पक्का वाटतो. मुठीच्या पाठीवरून अंगठा फिरवा: लॉकची पट्टी मुठीच्या पातळीच्या वर उचललेली लागली तर खाचेत काहीतरी आहे. काडीने उकरून काढा.

बॅक लॉकचीच सुधारलेली जात म्हणजे ट्राय-अॅड. अँड्र्यू डेम्को यांची ही रचना कोल्ड स्टीलच्या चाकूंत येते. पातं आणि लॉकची पट्टी यांच्यामध्ये एक जाड पिन घातलेली असते. धक्का बसला की भार लॉकच्या नाजूक खिळ्यावर न जाता त्या पिनमार्गे थेट मुठीच्या सांगाड्यात जातो. शिवाय झीज झाली तरी पट्टी थोडी आणखी खाली बसून ती भरून काढते. निव्वळ ताकदीत घडीच्या चाकूंमध्ये मी हेच लॉक पहिलं मानतो. त्रास एकच: नवीन असताना ते फार कडक असतं आणि एका हाताने मिटवताना अंगठा दुखतो.

आडव्या दांडीचं लॉक बेंचमेड कंपनीने अॅक्सिस नावाने आणलं, आता अनेकांच्या चाकूंत सापडतं. दांडी चांगली मजबूत असते, पण तिला पुढे ढकलणाऱ्या दोन बारीक तारेच्या स्प्रिंग असतात आणि मोडल्या तर त्याच मोडतात. मातीत काम करणाऱ्याला हे लॉक सोयीचं, कारण ते पाण्याने धुऊन निघतं. ओपिनेलची फिरणारी कडी याहून साधी, १९५५ पासून चालत आलेली. ती फिरवायला विसरलात तर मात्र लॉक लागतच नाही.

पात्याची जाडी दोन ठिकाणी मोजा

जाहिरातीत सांगतात ती पाठीची जाडी. ती साडेतीनपर्यंत असली की घडीच्या चाकूला पुरे. चार म्हणजे जड कामाचा चाकू, पावणेपाच-पाच म्हणजे हौस. कापण्याचं गणित मात्र दुसऱ्या जाडीवर चालतं: धारेचा चकचकीत उतार जिथे सुरू होतो, बरोबर त्याच्या वर पातं किती जाड आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असेल तर चाकू कापतो. एक मिलिमीटर असेल तर तो पाचर होतो.

जाडी मोजायचं व्हर्नियर जवळ नसेल तर डोळ्यांनीही अंदाज येतो. धारेच्या उताराची चकचकीत पट्टी किती रुंद आहे ते बघा. प्रत्येक बाजूला वीस अंशांची धार धरली तर तिच्यावरची जाडी पट्टीच्या रुंदीच्या साधारण दोन-तृतीयांश येते. म्हणजे पट्टी पाऊण मिलिमीटर असेल तर जाडी अर्धा मिलिमीटर, आणि पट्टी दीड मिलिमीटर असेल तर जाडी एक मिलिमीटर. फोटोत पट्टी रुंद, ठसठशीत, छान दिसते. तीच धोक्याची खूण. कोन जास्त बोथट असेल तर हा हिशोब बदलतो, पण दोन चाकू शेजारी ठेवून तुलना करायला तो पुरेसा आहे.

पाठीपासून धारेपर्यंत उतार कसा आला आहे हेही बघा. पाठ चार मिलिमीटर, पण उतार थेट पाठीपासून सुरू होऊन धारेकडे पातळ होत गेला असेल तर तो चाकू दणकटही आहे आणि कापतोही. कोल्ड स्टीलचा एडी-१० हा या जातीतला. वजन जवळपास दोनशे ग्रॅम, तरी उतार उंच घेतलेला असल्याने पुठ्ठा कापताना अडत नाही. उलट पातं निम्म्यापर्यंत सपाट जाड आणि मग एकदम उतार, अशी रचना दिसली की तो चाकू दाखवायला ठेवायचा.

पोलाद: धार कोण लावणार ते आधी ठरवा

पोलादाच्या नावांत माणूस हरवतो. चिवटपणा, धार टिकणं आणि गंज न लागणं ही तिन्ही एकाच पोलादात भरपूर मिळत नाहीत, एक वाढवलं की दुसरं घटतं. त्यात चौथी अडचण, धार लावायला सोपं असणं.

आपल्याकडे पुठ्ठ्याचे खोके तारेच्या पिनांनी टाचलेले असतात. पातं त्या पिनेवर गेलं की फार कठीण, जास्त कार्बाइडच्या (पोलादातल्या कठीण कणांच्या) पोलादाची धार दातेरी तुटते. २०सीव्हीसारखं पोलाद पुठ्ठ्यावर महिनोन्‌महिने धार धरतं, पण पिनेवर रुसतं. चिवट पोलादाची धार अशा वेळी नुसती वळते, दगडावर चार हात मारले की सरळ होते. १४सी२८एन, बकचं ४२०एचसी, कोल्ड स्टीलने बराच काळ वापरलेलं एयूएस-८ ही परवडणारी, चिवट, सहज धार येणारी पोलादं. धातुशास्त्रज्ञ डॉ. लॅरिन थॉमस यांनी घडवलेलं मॅग्नाकट पोलाद २०२१ साली आलं. त्यात चिवटपणा आणि गंजरोधकता दोन्ही चांगली, किंमतही तशीच.

डी२ बद्दल वेगळं सांगायला हवं, कारण स्वस्त दणकट चाकूंत हल्ली तेच जास्त मिळतं. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास असतं. धार चांगली धरतं, पण ते पूर्ण स्टेनलेस नव्हे. डाळिंबाचा किंवा उसाचा रस लागून चाकू तसाच मिटला की सकाळी पात्यावर काळे डाग दिसतात. बागायतदारांना आणखी एक सावधगिरी: डाळिंबावरचा तेल्या रोग पसरू नये म्हणून सिकेटर सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवतात, त्यात चाकू बुडवू नका. क्लोरीनने स्टेनलेस पोलादालाही खड्डे पडतात, आणि घडीच्या चाकूत ते पाणी खिळ्याच्या आत अडकून राहतं. बुडवावाच लागला तर लगेच साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, तेल द्या.

सायकलच्या चाकावर धार लावून देणाऱ्याकडे विळी, कात्री द्या, हा चाकू नको. कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. कडा निळसर झाली की तिथलं पाणी उतरलं, म्हणजे कठीणपणा गेला, मग कितीही घासा, धार टिकत नाही. घरी दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड साध्या पोलादाला पुरतो. डी२ आणि त्यापुढच्यांसाठी डायमंडची पट्टी घ्या, एक चारशे ग्रिटची (भरड) आणि एक हजार ग्रिटची (बारीक). कोनासाठी पातं दगडावर काटकोनात उभं धरा, निम्मं झुकवा, पुन्हा निम्मं झुकवा. बावीस-साडेबावीस अंश आला, कामापुरता तो ठीक आहे.

मूठ, वजन आणि आपलं ऊन

मे महिन्यात इथे पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो. दुचाकीच्या टाकीवर राहिलेला पितळी किंवा टायटॅनियमचा चाकू उचलवत नाही. कामाच्या चाकूला जी-१० (राळेत बसवलेलं काचतंतूंचं कापड) किंवा मायकार्टाची मूठ घ्या. मायकार्टा म्हणजे राळेत बसवलेलं साधं कापडच, ओल्या हाताला तर ती आणखी चांगली पकड देते. जी-१० फार खरखरीत असेल तर खिशाची कड फाडते, क्लिपखालचा भाग पॉलिश पेपरने थोडा घासून घ्या.

दोनशे ग्रॅमचा चाकू पायजम्याच्या किंवा पातळ पँटच्या खिशात दिवसभर लोंबतो आणि आठवड्याभरात घरी राहू लागतो. झीरो टॉलरन्सच्या ०३०० मालिकेतले चाकू दणकट म्हणून नावाजलेले, पण ते सव्वादोनशे ग्रॅमच्याही पुढे जातात. दीडशे ग्रॅमच्या आसपास असलेला कोल्ड स्टीलचा रेकॉन १ मला यापेक्षा शहाणपणाचा वाटतो: चार इंची पातं, तेच ट्राय-अॅड लॉक, निम्मी कटकट.

हातात आल्यावर तपासणी

पार्सल आलं किंवा दुकानात चाकू हाती आला की हे करा. बोटं पात्याच्या वाटेत येणार नाहीत अशी मूठ धरा. पातं उघडून टोक अलगद धरा आणि डावीकडे-उजवीकडे हलवा, मग वर-खाली. आडवी किंचित हालचाल खिळ्याचा स्क्रू आवळून जाते. वर-खाली हालचाल असेल तर लॉकच नीट बसत नाही, तो चाकू घेऊ नका.

मग सोलापुरी टॉवेलची जाड घडी टेबलावर ठेवा आणि उघड्या पात्याची पाठ तिच्यावर हळूहळू दाबत जोर वाढवा. लॉक सरकलं, कुरकुरलं, तर नको. लोक पात्याची पाठ लाकडावर आपटून दाखवतात, त्याच्या नादी लागू नका, त्याने चांगलं लॉकही खराब होतं. शेवटी चाकू मिटून टोकाकडची बाजू खाली करून झटका द्या. पातं स्वतःहून उघडलं तर तो खिशात धोकादायक.

नामांकित चाकूंच्या नकला भरपूर फिरतात. पात्यावर महागड्या पोलादाचं नाव कोरलेलं आणि किंमत जेमतेम चार आकडी, असं दिसलं की ती नक्कल समजा. नुसतं 'स्टेनलेस स्टील' लिहिलेला जत्रेतला चाकू त्यापेक्षा प्रामाणिक, निदान तो खोटं बोलत नाही.

मग घ्यायचा कोणता

शेतीसाठी, माती-पाण्यातल्या वापराला: आडव्या दांडीचं लॉक किंवा ट्राय-अॅड, साडेतीन मिलिमीटरपर्यंत पाठ, १४सी२८एन किंवा तत्सम पोलाद. गोदाम, ट्रक, मालाच्या गाठी: ट्राय-अॅड किंवा जाड फ्रेम लॉक, टोक फार निमुळतं नसलेलं पातं. यंत्रमागावर: बॅक लॉक टाळा, बाकी काहीही चालेल, आणि खरं तर तिथे ओपिनेल पुरतो. मेडफर्डसारखे पावणेपाच मिलिमीटरचे पाच आकडी चाकू हौशी संग्राहकांसाठी आहेत. हौस असेल तर घ्या, पण कामाच्या हिशोबात धरू नका. परदेशातून मागवताना किमतीवर सीमाशुल्क आणि वाहतूक चढते, तो आकडा आधी बेरजेत घाला.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात खिळ्याचा स्क्रू एकदा सैल होतोच. योग्य मापाचा टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराच्या तोंडाचा) पाना घेऊन आवळा, साध्या पेचकसाने त्याची तोंडं खातात. निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब पुरे. लाल लावलात तर पुढे स्क्रू निघणार नाही. तेल शिवणयंत्राचं, एक थेंब, खिळ्यावर. खोबरेल घालू नका, ते घट्ट होतं आणि धूळ धरून ठेवतं.